‘बसेल की साहेब’ यावर विसंबू नका

भाऊबीजेच्या रात्री साडेअकरा वाजता मी सर्व्हर रूममध्ये जुनं व्हीविक कार्ड हातात धरून उभा होतो. नव्या राउटरचा स्लॉट त्याहून मोठा होता. कार्ड आत जाऊन ढिलं पडे, कनेक्टर कुठेच लागेना. दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मग टॉर्च लावून आत बघितलं आणि पोटात गोळा आला. हे कार्ड या यंत्रासाठी बनलेलंच नव्हतं.

भोसरीच्या आमच्या कारखान्यात सिस्को २९११ राउटर होता. त्याची विक्री डिसेंबर २०१७ मध्ये थांबली होती आणि डिसेंबर २०२२ पर्यंतच त्याला सपोर्ट मिळणार होता, म्हणून २०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत ४३३१ बसवायचं ठरलं. आमची पीआरआय लाइन, म्हणजे कारखान्याचे तीस फोन चॅनल, त्या जुन्या कार्डावर होती. ऑर्डर देण्याआधी मी पुरवठादाराला मेल करून सरळ विचारलं होतं: जुनं कार्ड नव्यात चालेल का? उत्तर एका ओळीचं आलं: ‘चालेल सर.’ फोनवर तर ‘बसेल की साहेब, काळजी नको’ असं तीनदा ऐकवलं.

त्या रात्री त्याने फोन उचलला नाही. एकदाही नाही. माझ्या बहिणीचं ओवाळणीचं ताट घरी तसंच राहिलं आणि मी पहाटे तीनपर्यंत जुना राउटर परत बसवत होतो. तो चालू झाला. तो काढण्याआधी मी त्याचं कॉन्फिगरेशन पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

सोमवारी तो आमच्या प्लँट हेडसमोर बसून म्हणाला, ‘साहेबांनी जे स्पेक दिलं तेच आम्ही कोट केलं.’ मी मेलची प्रिंट टेबलावर ठेवली. त्यावर उत्तर, ‘तो मुलगा आता आमच्याकडे नाही.’ मेल त्याच्या कंपनीच्या नावाने आला होता, बिल त्याच कंपनीचं होतं, पण जबाबदारी मात्र नोकरी सोडून गेलेल्या मुलाची! तो मुलगा काय शिकलेला होता मला माहीत नाही. मला राग येतो तो त्याला उत्तर द्यायला बसवणाऱ्यांचा.

खरं तर ही माहिती दडलेली नव्हती. २९०० मालिकेत ईएचविक स्लॉट असतात, त्यांत जुनी एचविक आणि व्हीविक कार्डं चालतात. ४००० मालिकेत निम स्लॉट आहेत, आकार आणि कनेक्टर दोन्ही वेगळे. ४३३१ ला दोन निम आणि एक एसएम-एक्स स्लॉट मिळतो. निर्मात्याच्या डेटाशीटवर हे सगळं छापलेलं असतं. कोट करणाऱ्याने ते एकदा उघडलं असतं तरी पुरे होतं.

तीन आठवड्यांनी निम कार्ड आलं. बसलं. आणि एकही कॉल लागेना. मला हे कळायला दीड दिवस गेला: पीव्हीडीएम४, म्हणजे आवाजाचं काम करणारं डीएसपी मॉड्यूल, त्याने राउटरच्या मदरबोर्डवर बसवून पाठवलं होतं. २९११ मध्ये डीएसपी तिथेच असे, म्हणून त्याला तसंच वाटलं असणार. ४३३१ मध्ये मदरबोर्डवरचं डीएसपी आयपी कॉलच्या कॉन्फरन्स आणि ट्रान्सकोडिंगसाठी आहे. पीआरआयच्या कॉलसाठी डीएसपी त्या निम कार्डावरच लागतं. पीआरआय असलेल्या कोणीही ही ओळ कोटेशनच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहावी.

त्यानंतर वेग. लिंक १५० एमबीपीएसची घेतली होती, राउटर १०० च्या वर जाईना. ४३३१ मुळात १०० चाच असतो, परफॉर्मन्स लायसन्स घेतल्यावर ३०० होतो, आणि लायसन्स लावल्यावर रीबूट द्यावा लागतो. पुरवठादाराने हा खर्च आधी कोटमध्ये दाखवलाच नव्हता. नंतर वेगळ्या बिलाने मागितला.

आता मी काय करतो ते सांगतो. जुन्या राउटरवर ‘शो इन्व्हेंटरी’ ही कमांड चालवून प्रत्येक कार्डाचा पार्ट नंबर उतरवतो आणि त्यासमोर नव्या राउटरमधला पार्ट नंबर पुरवठादाराकडून लिहून घेतो, सही-शिक्क्यासह. माल आल्यावर तीच कमांड नव्या राउटरवर देऊन सीरियल नंबर बिलाशी जुळवतो, कारण नवीन म्हणून वापरलेलं कार्ड गळ्यात मारणारे बाजारात आहेत. निम कार्ड चालू राउटरमधून काढता येतं, पण आधी त्या सबस्लॉटला थांबवायची कमांड द्यावी लागते. २९११ मधलं ईएचविक काढायचं तर राउटर बंदच करायचा. डबल-वाइड कार्ड असेल तर दोन स्लॉट जातात, ते मोजताना विसरू नका. रिकाम्या स्लॉटवरची पट्टी फेकू नका, हवा फिरायला ती लागते. आणि नवा राउटर सुट्टीच्या रात्री पहिल्यांदा उघडू नका. आठवडाभर आधी टेबलावर चालवून, कार्डं घालून, एक कॉल लावून बघा.

त्या पुरवठादाराचा माणूस अजून फोन करतो. स्विच हवेत का, फायरवॉल हवी का, विचारतो. मी त्याला पार्ट नंबरांची यादी मेलवर मागतो. ती यादी आजवर आलेली नाही, आणि ती येईपर्यंत त्याला एकही ऑर्डर मिळणार नाही.