जुन्या ट्रॅक्टरवरील स्लॅशर : उचलीची मर्यादा कशी ठरवावी?

फळबागेत दोन ओळींमधील गवत समूळ न काढता सुमारे 10 सेंमी उंचीवर कापल्यास कोळी, ढालकिडे, क्रायसोपा इत्यादी मित्रकीटकांना आसरा मिळतो. एकाआड एक ओळ कापली, तर त्यांना शेजारच्या ओळीत सरकता येते. मात्र या पद्धतीत स्लॅशर वारंवार उचलावा लागतो आणि जुन्या ट्रॅक्टरवर धोका नेमका तेथेच असतो.

स्लॅशर जसजसा वर जातो तसतसा पीटीओ शाफ्टच्या क्रॉस जॉइंटांचा कोन वाढतो. काम करताना हा कोन 15 अंशांच्या आत असणे चांगले. शाफ्ट फिरत असताना तो फार वाढल्यास क्रॉस तुटतो. मिनिटाला 540 फेरे घेणारा तुटलेला शाफ्ट चालकाच्या जिवावर बेतू शकतो.

साखळीने उचल रोखू नये

उचल अडविण्यासाठी लिफ्टचे हात साखळीने खाली बांधण्याची पद्धत आढळते. ती चुकीची आहे. हात ठरलेल्या जागी पोहोचल्यावरच लिफ्टचा व्हॉल्व्ह बंद होतो. साखळीमुळे हात आधीच अडकले, तर पंप तेल ढकलतच राहतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि तेल तापते. म्हणून मर्यादा हातांवर नव्हे, लीव्हरवर घालावी.

पोझिशन कंट्रोल असलेल्या ट्रॅक्टरवर (उदा. मॅसी फर्ग्युसन 1035)

1. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ब्रेक लावावा. पीटीओ बंद ठेवावा.
2. पोझिशनच्या लीव्हरने स्लॅशर थोडा थोडा उचलावा. प्रत्येक टप्प्यावर इंजिन बंद करून, स्लॅशरखाली भक्कम ठोकळे देऊन तपासणी करावी.
3. शाफ्टचा कोन, तसेच शाफ्ट व स्लॅशरची पुढील कड यांमधील अंतर पाहावे. शाफ्टच्या नळ्या निदान एक तृतीयांश लांबीइतक्या एकमेकींत असाव्यात. मात्र त्या तळाला टेकू नयेत.
4. सुरक्षित उंची मिळताच क्वाड्रंटवर रंगाने खूण करून सरकता स्टॉप तेथे घट्ट करावा. स्टॉप नसल्यास कारागिराकडून बसवून घ्यावा.
5. पाच-सहा वेळा उचलून पाहावे. शिट्टीसारखा आवाज आल्यास हात कोठेतरी अडत आहेत, असे समजावे.

कापणीची उंची मात्र लीव्हरने नव्हे, स्लॅशरच्या चाकाने किंवा घसरपट्टीने ठरवावी.

त्याहून जुना ट्रॅक्टर असल्यास

1946 ते 1956 या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या फर्ग्युसन टीई 20 वर पोझिशन कंट्रोल नाही. त्यामुळे लीव्हरवरील स्टॉप तेथे उपयोगी पडत नाही. शिवाय त्याचा पंप पीटीओच्याच शाफ्टवर चालतो. पीटीओ बंद केल्यास लिफ्टही बंद पडते. म्हणजेच ‘आधी पीटीओ बंद, मग उचल’ हा नेहमीचा सल्ला येथे पाळता येत नाही. अशा वेळी लिफ्ट रॉडची लांबी बदलता येत असल्यास दोन्ही बाजूंचे रॉड सारख्याच प्रमाणात लांब घ्यावेत, म्हणजे पूर्ण उचलीतही स्लॅशर खालीच राहतो. उचलताना इंजिनचा वेग कमी ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रथम शाफ्टवरील संरक्षक आवरण तपासावे. आवरण नसेल, तर यंत्र चालू करू नये.