सस्तन प्राणी आणि वासराचा चीक

गोठ्यातील गाय, कणगीतील उंदीर, चिकूच्या बागेतील वटवाघूळ आणि आपण स्वतः, हे सारे एकाच वर्गातील प्राणी, म्हणजे सस्तन. त्यांच्या सुमारे ६,५०० जाती आज ज्ञात आहेत. अंगावर केस, कानात तीन छोटी हाडे, खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस एकच हाड आणि पिलांसाठी दूध ही त्यांची लक्षणे होत. उष्ण रक्त पक्ष्यांतही असते, म्हणून तेवढ्यावरून सस्तन ओळखता येत नाही.

सस्तनांचे पूर्वज आजच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शाखेपासून ३१ कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळे झाले. पुढे त्यांच्या जबड्याच्या सांध्यातील दोन हाडे लहान होत कानात गेली. जीवाश्मांत हा बदल टप्प्याटप्प्याने दिसतो. सुरुवातीचे सस्तन चिचुंदरीएवढे होते. आपल्याकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील 'कोटा' थरांत जुरासिक काळातील सस्तनांचे दात मिळाले आहेत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर नष्ट झाल्यावर मात्र या वर्गाचा झपाट्याने विस्तार झाला.

ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस हा सस्तन असूनही अंडी घालतो. मादीला सड नसतात. दूध कातडीतून पाझरते आणि पिले ते चाटतात. यावरून जिवंत पिलू जन्माला येण्यापेक्षा दूध हे जुने, असे शास्त्रज्ञ मानतात. दूध म्हणजे केवळ अन्न नव्हे, संरक्षणही आहे.

गोपालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. मनुष्याच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच वारेतून मिळतात. गाई-म्हशींची वार ती जाऊ देत नाही, त्यामुळे वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. ही द्रव्ये त्याला चिकातूनच मिळतात, आणि वासराचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेते ते पहिले काही तासच. २४ तासांनंतर हे शोषण जवळपास थांबते.

तरीही 'वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही' ही समजूत अनेक गोठ्यांत आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. वासरू पिऊ लागले की गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडण्यास मदतच होते. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या एक दशांश, म्हणजे २५ किलोच्या वासरास सुमारे अडीच लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. खरवस करायचा तो उरलेल्या चिकाचा.