दुसरा अल्बम आधी लोकांसमोर वाजवा

पहिला अल्बम बरा चाललेल्या प्रत्येक रॉक बँडला मी एकच गोष्ट कळकळीने सांगतो. दुसऱ्या अल्बमची गाणी स्टुडिओत नेण्याआधी लोकांसमोर वाजवून घ्या. पुण्यातल्या एका मराठी रॉक बँडमध्ये मी बेस वाजवतो. आमचा दुसरा अल्बम कसा झाला ते सविस्तर सांगतो, कारण ही वेळ उद्या तुमच्यावरही येईल.

पहिल्या अल्बमची गाणी रेकॉर्ड होण्याआधी गॅदरिंगमध्ये, कॉलेजांच्या महोत्सवांत आणि मिळेल त्या पबमध्ये वाजून वाजून मुरली होती. एखादा अंतरा लांबला की समोरची पोरं मोबाइल काढायची, मग पुढच्या गिगला तो अंतरा निम्मा व्हायचा. लोक कुठे आपणहून टाळ्यांचा ठेका धरतात ते दिसलं, तेव्हा तिथे गिटार थांबवून नुसते ड्रम ठेवले. त्या गाण्यांची निम्मी अरेंजमेंट श्रोत्यांनीच करून दिली होती.

दुसऱ्या वेळी एका कंपनीने खर्च उचलायची तयारी दाखवली आणि प्रकाशनाची तारीखही आधीच ठरवली. गिग भरपूर मिळत होत्या, पण आयोजकांना पहिल्याच अल्बममधली गाणी हवी असायची. सेटलिस्टमध्ये नव्या गाण्यांना जागाच उरेना. गिटारिस्ट नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला. तो तिकडून रिफ पाठवायचा, इथे कुणीतरी लॅपटॉपवर ड्रम बसवायचं आणि गायक रात्री घरी, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून, दबक्या आवाजात चाल बांधायचा. डेमो हेडफोनवर सुरेख वाटत होते.

खरी परीक्षा स्टुडिओत झाली. हळू आवाजात बांधलेल्या चाली खालच्या पट्टीत होत्या, त्यामुळे गिटारी चढल्या की गळा बुडायचा. पट्टी वर नेली की रिफ मोकळ्या तारांवरून सुटायचा आणि त्यातला जोर जायचा. लॅपटॉपवरचे काही ठोके दोन हात आणि दोन पायांच्या ड्रमरला वाजवता येण्यासारखेच नव्हते. रेकॉर्डिंगची बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच मिनिटाला १२० ठोक्यांची लय समोर ठेवतात. आमच्या निम्म्या गाण्यांची लय तीच राहिली होती, त्यामुळे सलग ऐकताना एकच गाणं लांबल्यासारखं वाटायचं. हे सगळं कळलं तेव्हा स्टुडिओचं भाडं तासावर चालू होतं आणि तारीख डोक्यावर होती. अल्बम वेळेवर आला, पण त्यातली मोजकीच गाणी पुढे गिगमध्ये टिकली.

अशा वेळी सगळे म्हणतात, वेळ कमी पडला. दुसऱ्या अल्बमांचा इतिहास वेगळं सांगतो. लेड झेपलिनचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला आणि दुसरा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. दौऱ्यातल्या कार्यक्रमांच्या मधल्या दिवसांत, इंग्लंड-अमेरिकेतल्या निरनिराळ्या स्टुडिओंत तो रेकॉर्ड झाला. ब्लॅक सॅबथचे पहिले दोन्ही अल्बम १९७० सालचेच. दुसऱ्यातलं ‘वॉर पिग्ज’ रेकॉर्ड होण्याआधी वेगळ्या नावाने आणि वेगळ्या शब्दांनी मंचावर वाजत होतं. या दोन्ही बँडना सवड नव्हती, पण समोर श्रोते होते.

आता मँचेस्टरच्या स्टोन रोझेसकडे पाहा. १९८९ च्या पहिल्या अल्बमनंतर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग जुन्या कंपनीशी कोर्टकचेरी झाली, नव्या कंपनीचा मोठा करार झाला आणि दुसरा अल्बम डिसेंबर १९९४ मध्ये आला. १९९० च्या उन्हाळ्यानंतर अल्बम येईपर्यंत हा बँड मंचावर उभाच राहिला नाही. वेळही होता, पैसाही होता. अल्बममधलं गिटारवादन दमदार आहे, तरी पहिल्या अल्बममधला एकजीवपणा त्यात मला सापडत नाही. १९९६ मध्ये बँड फुटला.

सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट रेडिओहेडची. ‘क्रीप’ गाजल्यावर कंपनीला तसंच आणखी एक गाणं हवं होतं. १९९४ च्या सुरुवातीला लंडनच्या रॅक स्टुडिओत निर्माता जॉन लेकीबरोबर काम सुरू झालं, पण दडपणाखाली ते अडलं. मग बँड दौऱ्यावर गेला, नवी गाणी रोज लोकांसमोर वाजली आणि परतल्यावर काम सुटलं. ‘माय आयर्न लंग’साठी तर लंडनच्या अ‍ॅस्टोरियातल्या कार्यक्रमाचंच वादन ठेवलं, फक्त गळा नंतर पुन्हा रेकॉर्ड केला. १९९५ मध्ये आलेल्या ‘द बेंड्स’ या दुसऱ्या अल्बमने त्यांची खरी ओळख तयार केली.

आता या सगळ्यातून काय करायचं ते सांगतो.

नवी गाणी वाजवायला जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात रॉक ऐकत एक पिढी वाढली. ती जागा शांतता क्षेत्रात मोडली आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. म्हणून छोट्या जागा शोधा. दुसऱ्या बँडच्या आधी वीस मिनिटं मागा. जॅमरूममध्ये रविवारी दुपारी ओळखीच्यांना बोलवा, पण त्यांना मत विचारू नका. ओळखीचे लोक चांगलंच बोलतात. ते केव्हा चुळबुळतात आणि घरी जाताना कुठली चाल गुणगुणतात, तेवढं पाहा.

प्रत्येक गाणं पट्टी बदलून गाऊन पाहा, तेही पूर्ण आवाजात, ड्रम आणि अ‍ॅम्प चालू असताना. लय माणसाने वाजवून ठरवा, मग क्लिकला बांधा. जॅमरूममध्ये फोनवर केलेलं ओबडधोबड रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. त्यातही गाणं उभं राहत असेल, तरच ते स्टुडिओच्या यादीत घाला.

स्टुडिओत गिटार आणि बेसचा अ‍ॅम्पशिवायचा कोरा सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर घ्या. नंतर टोन पटला नाही तर पुन्हा वाजवायला न लागता तो अ‍ॅम्पमधून काढता येतो. रोज निघताना सगळं सेशन दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि त्यातली एक स्वतःच्या घरी न्या.

करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणूनच कंपनीच्या कागदावर ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द असतात. ते दिसले की थांबा आणि बोलणी करा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीतल्या समान वाट्याला संरक्षण दिलं आहे. पण तो वाटा मिळायला गाणं कुणाचं हे नोंदलेलं हवं. आमच्यातला एक जण बाहेर पडला तेव्हा रिफ कुणाचा यावर जे बोलणं झालं, त्यात बरीच जुनी मैत्री खर्ची पडली. गाणं पूर्ण होईल त्याच दिवशी शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि वाटे किती ते एका कागदावर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व प्रकाशनाआधीच घ्या.

तारखेबद्दल शेवटचं. कंपनी तारीख मागणारच, तो तिचा व्यवसाय आहे. तुम्ही तारीख गाणी मंचावर उभी राहिल्यावरच द्या. तोवर पुढच्या गिगच्या सेटलिस्टमध्ये दोन नवी गाणी घाला. ती शेवटी ठेवू नका, लोक तेव्हा निघायच्या घाईत असतात. लोकांच्या आवडीच्या दोन जुन्या गाण्यांच्या मध्ये ठेवा, आयोजक कुरकुरला तरी ठेवा. तिथे जी पडतील ती घरी नेऊन पुन्हा घडवा. जी टिकतील, त्यांच्यासाठी स्टुडिओची तारीख घ्या.