घर घेताना जमिनीची ‘हिस्ट्री’ विचारा

काही वर्षांपूर्वी शहापूरच्या माझ्या दवाखान्यात एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन वरचेवर येत असे. पोट दुखते, शौचाला खडा होतो, पोर सारखे किरकिरते, माती खाते, अशा तक्रारी. चेहरा पांढराफटक. मी जंताचे औषध दिले, लोहाचे सिरप दिले. थोडे बरे वाटे, की पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती सहज बोलून गेली, “डॉक्टर, आमची चाळ आहे ना, तिथे पूर्वी भंगारवाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा.” मी चपापलो. रक्तातील शिशाची तपासणी मुंबईहून करून घेतली. प्रमाण बरेच वाढलेले निघाले. चूक माझी होती. मुलाची सगळी माहिती मी विचारली. तो ज्या जमिनीवर खेळतो तिची विचारली नाही.

मातीतले विष

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असते. उघड्यावर बॅटरी फोडली की आम्ल जमिनीत जाते, शिशाची भुकटी वरच्या मातीत मिसळते. शिसे कुजत नाही, उडून जात नाही. धंदा बंद होतो, पत्रे निघतात, चाळ उभी राहते. शिसे तिथेच राहते. आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकार शहराजवळ अशाच बॅटऱ्यांच्या मातीमुळे २००७-०८ च्या सुमारास १८ बालके दगावली.

मोठ्यांपेक्षा मुलांना धोका जास्त. ती जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात आणि पोटात गेलेले शिसे त्यांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते. शिशामुळे रक्त कमी होते आणि वाढत्या मेंदूला इजा होते. मूल अभ्यासात मागे पडते, चिडखोर होते. हे नुकसान पुढे भरून येत नाही. रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे नाहीच. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग अशा जागेवर घरे बांधूच नयेत?

तसे नाही. गरिबाला घर हवे आणि जागा थोडी. लंडनमध्ये स्ट्रॅटफर्ड येथील जुन्या कारखान्यांची विषारी माती धुऊन, गाळून साफ केली. तिथे २०१२ चे ऑलिंपिक झाले. खेळाडूंच्या निवासांची पुढे घरे झाली, त्यांतील जवळपास निम्मी परवडणारी. आधी माती, मग घर, हा क्रम तिथे पाळला गेला.

आपल्याकडे मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. त्यातील सुमारे १२४ एकर जागा धारावीकरांच्या घरांसाठी देण्याचे राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवले. कचरा कुजताना मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो. काळे पाणी झिरपते. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांत, बंद केलेल्या कचराभूमीवर पंधरा वर्षे देखरेख करून, वायू व पाणी तपासूनच वस्तीचा विचार करावा, असे म्हटले होते.

आपल्या भागातही वासिंद, आसनगावपासून मुरबाडपर्यंत स्वस्त घरांच्या जाहिराती लागतात. बहुतेक जागा पूर्वीच्या शेताच्या; पण एखादी बंद कारखान्याची, जुन्या पेट्रोल पंपाची, कीटकनाशकांच्या गोदामाची किंवा भंगारवाड्याची असू शकते.

घर घेण्यापूर्वी

१. जागेवर पूर्वी काय होते, हे गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारा. कागदावर नसते ते त्यांना ठाऊक असते.

२. जुने सातबारा उतारे आणि अकृषिक परवाना पाहा. परवाना कारखान्यासाठी होता का, ते कळेल.

३. संशय असल्यास बिल्डरकडे माती व बोअरच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा. पाणी उकळल्याने जंतू मरतात. शिसे जात नाही.

४. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांविषयी नियम केले. जिल्हा प्रशासनाने वा स्थानिक संस्थेने संशयित जागांची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची आहे. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर. तेव्हा नगरपंचायतीत वा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या व पोच घ्या.

राहायला गेलेल्यांसाठी

कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. चपला दाराबाहेर. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. नाचणी, दूध, पालेभाज्या द्या. लोह व कॅल्शियम पुरेसे असले की शिसे कमी शोषले जाते. परसात भाजी लावू नका. मुलाच्या पोटदुखीला आणि पांढरेपणाला औषधाने उतार पडत नसेल तर रक्तातील शिसे तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारा.

त्या मुलाला मी औषधापेक्षा जागा बदलण्याचा सल्ला दिला. कुटुंब मामाच्या गावी राहायला गेले. काही महिन्यांनी प्रमाण उतरले, पोट दुखायचे थांबले. गेलेली वर्षे मात्र मला परत देता आली नाहीत. तेव्हापासून नवा बालरुग्ण आला, की नाव व वयानंतर मी विचारतो, “घर कुठे आहे, आणि तिथे आधी काय होते?”