मूठभर बेदाणा

सोलापूर जिल्ह्यात बेदाणा कुणी मोजून खात नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या सोनाका वाणाने इथल्या द्राक्षाला नाव मिळवून दिलं, आणि पंढरपूर तालुक्यात तर बागांच्या कडेने बेदाण्याची शेडं उभी दिसतात. नात्यागोत्यात कुणाची ना कुणाची बाग असतेच. हंगाम सरला की घरी खोका येतो, डबे भरतात, पोरं येता-जाता मूठ मारतात. तसल्याच एका मुठीने आमच्या कुत्र्याचा, शेरूचा जीव टांगणीला लावला.

भाचा सुट्टीला आला होता. शेरूने पंजा दिला की बेदाणा, असा दोघांचा खेळ दुपारभर रंगला. संध्याकाळी शेरू ओकला. ओकारीत बेदाणे होते, पोटातल्या पाण्याने फुगून पुन्हा द्राक्षासारखे टचटचीत झालेले. रात्री त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ऊन बाधलं असेल. इथल्या एप्रिलात तसं वाटणं साहजिकच होतं. पण ओकारीतले बेदाणे बघून यजमानांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून तीनच प्रश्न आले: किती खाल्ले, कधी खाल्ले, कुत्र्याचं वजन किती? आणि मग, "सकाळची वाट बघू नका, आत्ता घेऊन या."

दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं. डॉक्टर येऊन पुनःपुन्हा एकच विचारत होते, लघवी झाली का? द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. आधी ओकाऱ्या होतात, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. ती पूर्ण थांबली तर कुत्रा हाती लागणं कठीण. शेरूला वेळेवर उपचार मिळाले, तो वाचला. ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहिते आहे. विशेषतः आपल्या जिल्ह्यातल्या लोकांसाठी, कारण हे विष आपल्याइतकं मुबलक फार थोड्यांच्या घरात असेल.

असं का होतं याचा उलगडा अगदी अलीकडचा. या विषबाधेच्या नोंदी अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 2001च्या सुमारास पुढे आणल्या, आणि द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं असं 2021 साली मांडलं गेलं. हे आम्ल वाणागणिक, पिकण्यागणिक कमी-जास्त असतं. म्हणून एक कुत्रा घोसभर खाऊन धडधाकट राहतो आणि दुसरा थोडक्यात जातो. "आमचा तर नेहमी खातो, काही होत नाही," यावर विसंबू नका. चार किलोच्या आसपास द्राक्षं वाळवली की एक किलो बेदाणा होतो, म्हणजे बेदाण्यात सगळं आटून आलेलं असतं. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणाही त्यात आला. प्रसाद मुक्या जिवालाही द्यावा ही भावना मला पटते; त्याच्यापुरता शिरा बेदाणा घालण्याआधी बाजूला काढावा. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, तीही नको.

दुसरा धोका रोजच्या ताटातला. शेंगाचटणीत लसूण, रश्श्याच्या वाटणात कांदा. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतात. शिजवून, भाजून, वाळवून त्यांचा गुण जात नाही. मांजर तर फारच नाजूक: वजनाच्या दर किलोला पाचेक ग्रॅम कांदाही तिला बाधू शकतो. चार किलोच्या मांजरीला वीस ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याची चतकोर फोड. आणि त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबूस होते, धाप लागते. तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो. मटणाचा तुकडा द्यायचाच तर वाटण घालण्यापूर्वी, बिनमिठाचा उकडून काढावा. शिजलेलं हाड मात्र नाही, ते चिरफळतं आणि आतडं फाडतं.

भाकरी वाईट नाही. ज्वारी कुत्र्याला पचते. पण नुसत्या दूध-भाकरीवर वाढलेल्या पिल्लाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले मी आमच्याच गल्लीत पाहिले आहेत. नुसत्या मांस-भातावरही तेच होतं, कारण त्यात कॅल्शियम फार कमी असतं. घरचं खाऊ घालायचं असेल तर उकडलेलं चिकन, अंडं, भात किंवा मऊ भाकरी, थोडा दुधी-गाजर हा पाया ठीक; त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं किती घालायची हे पशुवैद्याकडून वजन सांगून ठरवून घ्या.

मांजरीचं गणित वेगळं. तिला मांसातलं टॉरिन लागतंच. ते कमी पडलं की हृदय कमकुवत होतं हे 1987 साली सिद्ध झालं, आणि डोळेही जातात. म्हणून मांजरीला कुत्र्याचं खाद्य चालवून नेऊ नये, आणि आपलं शाकाहाराचं व्रत तिच्यावर लादू नये.

विकतचं घेताना पुढच्या चित्रापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. 'संपूर्ण व संतुलित आहार' असं लिहिलेलं हवं, आणि पिल्लासाठी की मोठ्यासाठी तेही. प्रचलित मानकांनुसार कोरड्या वजनात प्रथिनं मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के, मोठ्या मांजरीला 26 टक्के लागतात. पोत्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं सुटं खाद्य स्वस्त पडतं, पण त्यावर ना तारीख असते ना घटक. धान्यावर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृत निकामी करतं. 2005-06 मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या अशा खाद्याने शंभराच्या वर कुत्री दगावली. खवट शेंगदाणे आणि बुरसटलेली भाकरी गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. उघडलेली पिशवी तोंड घट्ट बांधून सावलीत ठेवा. उन्हाळ्यात ओलं खाद्य अर्ध्या तासात उचला. नवं खाद्य आठवडाभरात जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला.

आणि नको ते खाल्लंच, तर मीठ-पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. मिठाचीच बाधा होते. चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगम, बेदाणा, काहीही असो, वेष्टन बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा, कारण पोट रिकामं करण्याचा उपयोग पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत जास्त. मांजर मलूल दिसली म्हणून घरातली तापाची पॅरासिटामॉल तिला कधीच देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा तिचा जीव घेते.