फसलेल्या व्यवहाराची नोंद आधी हरवते

नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या एका संकेतस्थळाची तांत्रिक देखभाल काही काळ आमच्या टीमकडे होती. शनिवार-रविवारच्या प्रयोगांची विक्री उघडली की पहिल्या तासाभरात झुंबड उडायची आणि त्याच तासात फोन यायचे: पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही. याचा छडा लावायची सोय वरवर पाहता चोख होती. प्रत्येक घडामोडीची नोंद मोघम वाक्यात न लिहिता जेसनमध्ये, वेगवेगळ्या फील्डमध्ये लिहिली जायची: वेळ, पातळी, घटनेचं नाव, ऑर्डर क्रमांक, लागलेले मिलिसेकंद, गेटवेचं उत्तर. या नोंदी क्लाउडवरच्या, इलॅस्टिकसर्चच्या धाटणीच्या साठ्यात जायच्या. ऑर्डर क्रमांक टाकला की त्या ऑर्डरची सगळी हकिगत समोर यायची.

तक्रार आलेल्या ऑर्डरची हकिगत मात्र ‘पेमेंट सुरू’पाशी थांबायची. यशस्वी पेमेंटच्या नोंदी ढिगाने होत्या, फसलेल्यांची एकही नव्हती. गेटवेकडून उत्तरच येत नसणार, म्हणून नोंद होत नसणार, असं सगळ्यांनी धरून चालवलं होतं. गेटवेवाल्यांशी ईमेलचा घोळ सुरू होता. ते म्हणत, आम्ही उत्तर दिलंय.

मग एके दिवशी आलेखाने उलटंच दाखवलं. सकाळपासून यशस्वी पेमेंट शून्य, आणि फसलेल्यांच्या नोंदी मात्र एकामागून एक. प्रत्यक्षात तिकिटं व्यवस्थित विकली जात होती, बँकेत पैसे जमा होत होते. गडबड पेमेंटमध्ये नसून नोंदींमध्येच आहे, हे तेव्हा कळलं. तो उलटा दिवस उजाडला नसता तर आम्ही आणखी किती काळ गेटवेला दोष देत बसलो असतो कोण जाणे.

कारण असं होतं. ‘गेटवे-उत्तर’ नावाचं एक फील्ड होतं. पेमेंट यशस्वी झालं की गेटवे नीट जेसन पाठवायचा: व्यवहार क्रमांक, बँक, पद्धत, रक्कम. तो आख्खा ऑब्जेक्ट त्या फील्डमध्ये जायचा. गर्दीत गेटवेचा पुढचा सर्व्हर दमला की तो ‘504 गेटवे टाइमआउट’ असं एक साधं एचटीएमएल पान परत करायचा, आणि त्याच फील्डमध्ये हा साधा मजकूर जायचा. इलॅस्टिकसर्चला आधी काही सांगून ठेवलं नसेल तर एखाद्या फील्डचा प्रकार ते पहिल्या नोंदीवरून ठरवतं आणि त्या इंडेक्सपुरतं त्याला चिकटून राहतं. पहिल्यांदा ऑब्जेक्ट आला तर पुढे मजकूर आलेली आख्खी नोंद ‘मॅपर पार्सिंग एक्सेप्शन’ म्हणून नाकारली जाते. नुसतं फील्ड गळत नाही, ऑर्डर क्रमांकासकट सगळी नोंद जाते.

इंडेक्स रोज नवा बनायचा, तोही यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्यानंतरच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं पेमेंट यशस्वी झालं तर दिवसभर फसलेल्या नोंदी बाहेर, आणि त्याचंच फसलं तर दिवसभर यशस्वी नोंदी बाहेर. आमच्या उलट्या दिवसाचं कोडं एवढंच होतं.

मग हे इतके दिवस कुणाला दिसलं कसं नाही? नोंदी एकेक करून न पाठवता गठ्ठ्याने पाठवतात. त्या गठ्ठ्याला साठ्याकडून जे उत्तर येतं त्याचा एचटीटीपी कोड 200 असतो, आतल्या काही नोंदी नाकारल्या तरीही. नकार उत्तराच्या पोटात लिहिलेला असतो: ‘एरर्स’समोर ‘ट्रू’, आणि खाली प्रत्येक नोंदीसमोर तिचा वेगळा कोड. पाठवणारा प्रोग्रॅम 200 पाहून पुढच्या गठ्ठ्याला लागायचा. पोटातलं कुणी वाचतच नव्हतं.

हे एकाच साठ्याचं वैशिष्ट्य समजू नका. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच लॉग्जचा लिखित नियम आहे की 14 दिवसांहून जुनी किंवा 2 तासांहून पुढच्या वेळेची नोंद घेतली जात नाही. आता आपल्याकडचा सर्व्हर भारतीय वेळेवर लावलेला आहे आणि नोंदीतल्या वेळेला ‘+05:30’ ही शेपटी जोडलेली नाही असं धरा. पाठवणारा एजंट ती वेळ यूटीसी समजतो. संध्याकाळी सातची नोंद त्याच्या लेखी भारतातल्या रात्री साडेबाराची होते, म्हणजे साडेपाच तास पुढची. विनंती यशस्वी ठरते, नोंद मात्र घेतली जात नाही, आणि ते उत्तरातल्या ‘रिजेक्टेड’ फील्डमध्ये निमूट सांगितलेलं असतं. वेळ नेहमी यूटीसीमध्ये किंवा शेपटीसकट लिहा, आणि दाखवताना हवी तर भारतीय करा. सर्व्हरची घड्याळं नेमक्या वेळेशी जुळवून ठेवणं तर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022च्या निर्देशांनी बंधनकारकच केलं आहे.

माझं सांगणं असं की नोंदी सरसकट हरवत नाहीत, हरवतात त्या बिघाडाच्या. सुरळीत व्यवहाराची नोंद आखीव, छोटी आणि रोजच्यासारखी असते, ती पोचतेच. बिघडलेल्या व्यवहाराची नोंद वेगळ्या आकाराची असते, कारण तिथे ऑब्जेक्टच्या जागी मजकूर येतो, आकड्याच्या जागी रिकामी जागा येते. ती लांबलचक असते, कारण तिच्यात स्टॅक ट्रेस असतो. आणि ती एकटी येत नाही, हजारोंच्या लोंढ्यात येते. वाटेतली प्रत्येक मर्यादा नेमकी तिलाच आडवी येते.

लांबीचंच पाहा. कंटेनरने बाहेर टाकलेली ओळ 16 केबीपेक्षा मोठी झाली की डॉकर तिचे तुकडे करतो. तुकडे पुढे जोडून घ्यायची व्यवस्था केलेली नसेल तर एकही तुकडा धड जेसन राहत नाही. मराठीत काम करणाऱ्यांना ही मर्यादा आणखी लवकर गाठते. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-8मध्ये तीन बाइट घेतं, आणि पायथॉनची जेसन लायब्ररी, वेगळं सांगितलं नाही तर, त्याचं सहा अक्षरांच्या सांकेतिक रूपात भाषांतर करते. नाटकाचं नाव, नाट्यगृहाचा पत्ता आणि प्रेक्षकाचा निरोप असं सगळं एका नोंदीत कोंबलं की 16 केबी भरायला वेळ लागत नाही. स्टॅक ट्रेस कापून ठेवा, वरचा आणि खालचा भाग राखा. आणि तो एका फील्डमध्ये एकाच ओळीत जाईल याची खात्री करा, नाहीतर त्याची प्रत्येक ओळ स्वतंत्र नोंद होऊन बसते.

लोंढ्याचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्यात निवड करावीच लागते. डॉकरचा लॉग ड्रायव्हर थेट क्लाउडकडे पाठवत असेल आणि पलीकडची सेवा मंदावली, तर मुळातल्या ‘ब्लॉकिंग’ पद्धतीत अ‍ॅप्लिकेशनच थांबून राहतं. लॉग लिहिता येत नाही म्हणून तिकीटविक्री बंद! ‘नॉन-ब्लॉकिंग’ निवडलं तर विक्री चालू राहते, पण मध्ये फक्त 1 एमबीची राखीव जागा मिळते आणि ती भरली की नोंदी मुकाट्याने टाकून दिल्या जातात. माझं मत ठाम आहे: लॉगसाठी गिऱ्हाइकाला कधीही ताटकळत ठेवू नये. अ‍ॅप्लिकेशनने आपल्या नोंदी स्टँडर्ड आउटपुटवर टाकाव्यात आणि विसरावं. तिथून त्या डिस्कवर उतरवायच्या, आणि फ्लुएंट बिट किंवा ओपनटेलिमेट्री कलेक्टरसारख्या वेगळ्या प्रोसेसने त्या उचलून पाठवायच्या. डिस्कवरच्या फाइलला मात्र आकाराची मर्यादा आणि रोटेशन स्वतः लावा. डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर ते आपणहून करत नाही आणि एक दिवस डिस्कच भरते. फ्लुएंट बिट वापरत असाल तर त्याची पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा मुळात 1 आहे, ती वाढवा.

जी नोंद हरवली तर पैशाचा हिशेब लागणार नाही, ती लॉगच्या भरवशावर सोडूच नका. तिची जागा डेटाबेसमध्ये, ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. हा फरक अनेक ठिकाणी पुसला गेलेला मी पाहते आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते.

आमच्या अडचणीवर शेवटी जो उपाय केला तो साधा होता. फील्डची नावं आणि प्रकार यांची एक यादी केली, ती कोडशेजारीच ठेवली आणि साठ्यालाही आधीच कळवली. यादीत नसलेलं फील्ड आलं तर नोंद स्वीकारायची, पण ते फील्ड शोधासाठी उलगडायचं नाही. (उलगडत राहिलात तर एका इंडेक्सला 1000 फील्डची जी मूळ मर्यादा आहे ती कधी ओलांडली जाते कळतही नाही.) बाहेरच्या सेवेचं उत्तर, मग ते कसंही असो, मजकूर म्हणूनच एका फील्डमध्ये ठेवायचं आणि त्यातले हवे ते दोन-तीन तुकडे स्वतंत्र फील्डमध्ये काढायचे. घटनेच्या नावात कधीही आकडे किंवा ऑर्डर क्रमांक घालायचे नाहीत. ‘पेमेंट-अयशस्वी’ हे नाव कायम तेच, बाकी तपशील शेजारच्या फील्डमध्ये. आणि नाकारलेली प्रत्येक नोंद, नकाराच्या कारणासकट, निव्वळ मजकूर म्हणून एका वेगळ्या इंडेक्समध्ये टाकायची. तो इंडेक्स रिकामा असला पाहिजे. आमचा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत भरून वाहत होता, आणि गेटवेची ती 504ची पानं सगळ्यांना पहिल्यांदा तिथे दिसली.

यादी केल्याचा दुसरा लाभ गुपितांच्या बाबतीत झाला. मे 2018मध्ये ट्विटरने जाहीर केलं की पासवर्डचं हॅशिंग पूर्ण होण्याआधीच तो एका अंतर्गत लॉगमध्ये उघडा लिहिला जात होता. सुमारे 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा विचार करायला सांगावं लागलं. आपल्याकडे ओटीपी, पॅन, मोबाइल क्रमांक आणि ऑथरायझेशन हेडर असंच शिरतं, विशेषतः कुणी घाईत ‘आख्खी रिक्वेस्ट लॉग करा’ म्हटलं की. काय टाळायचं याची यादी कधीच पुरी होत नाही, म्हणून काय चालेल याची यादी करा. तिच्यात नसेल ते जाणार नाही. मोबाइल क्रमांक नुसता हॅश करून भागत नाही: दहा अंकी क्रमांकांची सगळी शक्य हॅश काढून ठेवणं आजच्या संगणकाला किरकोळ काम आहे. गुप्त किल्ली वापरून एचमॅक करा, किंवा वापरकर्त्याचा अंतर्गत क्रमांकच लिहा.

नोंदी किती दिवस ठेवायच्या याची मुदत कुणी ठरवत नाही, ती ज्याची त्याची सेवा ठरवून टाकते. क्लाउडवॉचमध्ये न सांगितल्यास नोंदी कायम राहतात आणि बिल वाढत राहतं. गूगल क्लाउडच्या नेहमीच्या बकेटमध्ये त्या 30 दिवसांनी पुसल्या जातात. सर्ट-इनचे तेच 2022चे निर्देश 180 दिवसांच्या नोंदी सांभाळायला सांगतात. दोन्ही मूळ मुदती आपल्या कामाच्या नाहीत.

नवी पाइपलाइन उभी केली की चाचणीच्या सर्व्हरवर ती मुद्दाम मोडून पाहा. ऑब्जेक्टच्या जागी मजकूर पाठवा, 20 केबीचा देवनागरी मजकूर पाठवा, शेपटी नसलेली वेळ पाठवा, दहा मिनिटं नेटवर्क तोडा, लोंढ्याच्या मध्यावर प्रोसेस मारून टाका. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या आणि पलीकडे जाऊन एकेक क्रमांक शोधा. जे क्रमांक सापडणार नाहीत ते नेमके कुठे गळले हे समजेपर्यंत खरी विक्री त्यावर चढवू नका. पुढे प्रत्यक्ष वापरातही तासाला एक अशी वाकडी नोंद पाठवत राहा आणि ती पाच मिनिटांत पलीकडे दिसली नाही तर इशारा मिळेल असं करा. तो इशारा मात्र त्याच पाइपलाइनमधून येऊ देऊ नका. वेगळ्या वाटेने, साध्या एसएमएसने येऊ दे.