संगणकाचे मांद्य व त्यावरील उपाय

गडचिरोलीच्या वनभागात इंटरनेट सर्वत्र सारखे पोहोचत नाही; म्हणून शाळांची माहिती पुष्कळदा पेन ड्राइव्हमधून फिरते, आणि तिच्याबरोबर विषाणूही फिरतात. संगणक एकाएकी मंदावल्यास शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम त्याचे इंटरनेट तोडावे. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची विनामूल्य साधने निर्दोष संगणकावरून आणून तपासणी करावी. नंतर पासवर्ड बदलावेत.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. तसा प्रसंग ओढवल्यास मुलांच्या नोंदी नव्याने उभ्या करणे कठीण. यास्तव त्यांची एक प्रत निराळी जपावी, आणि तपासल्यावाचून कोणत्याही पेन ड्राइव्हमधील फाइल उघडू नये.